हलगीच्या चालीची फियाट

गाडी उभी राहिली तर कृष्णात रेडेकराच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. साठी उलटलेला माणूस गुडघे कुरकुरत असताना पोत्यावर उताणा पडून गंजलेल्या बोल्टाशी कुस्ती खेळतो, तो काही धर्मादाय खेळत नाही.

पहिला लाभ असा, की जानेवारीत कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. पुण्या-मुंबईचे शौकीन येणार होते, आणि त्यांच्या रांगेत आपली फियाट लावून कृष्णाताला फडक्यानं बॉनेट पुसत उभं राहता येणार होतं. ज्याची गाडी बघायला लोक थांबतात त्यानं बॉनेट पुसायचं असतं, धूळ असो नसो. दुसरा लाभ, मेव्हणा उदयसिंह याचं तोंड बंद होणार होतं. उदयसिंहाचे इचलकरंजीत माग होते, घरी दोन जुन्या विलायती गाड्या होत्या, आणि तोंड मागांपेक्षा जास्त चालायचं. मागांना निदान पाळी बदलताना विसावा असतो.

हे दोन लाभ कृष्णात चहाच्या टपरीवर कुणालाही सांगायचा. तिसरा मात्र तो पोटातच ठेवायचा. त्याच्या बायकोनं, संयोगितानं, एकदा तरी त्या गाडीत बसावं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, गाडी लग्नाच्याही आधीपासून घरची, आणि बाई अजून तिच्यात बसलेली नव्हती. खरं तर त्याला एवढंच हवं होतं. बाकीचे दोन लाभ म्हणजे लग्नातून निघताना हातात ठेवतात ती पिशवी. मिळाली तर घ्यायची.

बाई का बसत नव्हती, ते कळायला गाडीची कुळकथा ऐकावी लागेल.

कृष्णाताचे वडील आकाराम मेस्त्री उद्यमनगरात लेथवर काम करायचे. पावसाळ्यात कुणाच्या तरी उभ्या फियाटवर झाडाची फांदी पडली आणि छप्पर चेपून सीटला टेकलं. मालकानं गाडी भंगारात काढली, ती आकारामनी आणली. दुसरा कुणी असता तर छप्पर ठोकून सरळ करत बसला असता. आकारामनी ते कापूनच टाकलं. काचेची वरची कड पितळेनं मढवली, पुढच्या सीटच्या पाठीमागं निकेलची दांडी आडवी बसवली, आणि जाहीर केलं, की ही आता वरातीची गाडी. नवरा-नवरीनं मागं उभं राहायचं, दांडी धरायची आणि गावाला दर्शन द्यायचं. कुस्तीचा फड मारून आलेला पैलवानही गदा घेऊन याच दांडीला धरून उभा राहायचा. आजऱ्यापासून शिरोळपर्यंत कितीतरी संसार या गाडीतून सुरू झाले. "निम्मा जिल्हा माझ्या गाडीतनं घरला गेलाय," आकाराम म्हणायचे. निम्मा नसेल, पण लग्नसराईत गाडीवरचा झेंडू वाळायला सवड मिळत नसे, एवढं खरं.

संयोगिताला स्थळ सांगून आलं, तेव्हा मध्यस्थानं पोराच्या पगाराच्या आधी गाडीचं सांगितलं होतं. इचलकरंजीतल्या सगळ्या मैत्रिणींना तिनं सांगून ठेवलं, मी उघड्या गाडीतनं जाणार, बघायला या. लग्नाच्या दिवशी गाडी फुलांनी मढवून मांडवाच्या दाराशी उभी होती. अक्षता पडताना अंतरपाटाच्या कडेनं तिनं ती बघूनही घेतली होती. संध्याकाळी नवरा-नवरी बाहेर आले, तर गाडी नाही. सासराही नाही. सासूनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि शेवटी रिक्षा बोलवली. शालू आवरताना हाराची निम्मी फुलं रिक्षाच्या दांडीला अडकून तुटली, आणि रिक्षावाल्यानं सवयीनं मीटर टाकलं.

माप ओलांडून ती घरात आली तेव्हाही सासरा हजर नव्हता. तो आला जेवणं उरकल्यावर. सदऱ्यावर कसलासा रंग, चेहरा थकलेला.

"आबा, कुठं गेलतासा?" कृष्णातानं विचारलं.

"गाडी उचगावला गेलती. गणपतीच्या पोरीची वरात होती."

"आणि आमची?"

"शब्द दिलता," आकाराम म्हणाले आणि हात धुवायला गेले. तो विषय त्यांनी मरेपर्यंत पुन्हा काढला नाही.

गणपती कांबळे म्हणजे उद्यमनगरातल्या शेजारच्या फाउंड्रीतला मोल्डर. आकारामचा दोस्त. कृष्णाताला एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढंच त्यानं बायकोला सांगितलं. तिनं त्याचा सरळ अर्थ काढला, की दोस्ताची पोर वर आणि घरची सून खाली. दुसऱ्या दिवशी मेस्त्री कौतुकानं गाडी दारात घेऊन आले, "चल पोरी, रंकाळ्याला चक्कर मारू," म्हणाले. संयोगिता म्हणाली, "मला रिक्षाची सवय झालीया." ती कधीच बसली नाही. देवदर्शनाला एसटी, दवाखान्याला रिक्षा. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा तिनं दारातली फियाट सोडून शेजाऱ्याचा टेम्पो मागवला होता. असा राग जपायला पण चिकाटी लागते.

आकाराम गेले, वरातींना नव्या लांबड्या गाड्या आल्या, फियाट उद्यमनगरातल्या शेडमध्ये पडून राहिली. कृष्णात निवृत्त झाला आणि त्याच वर्षी शेड सोडायची वेळ आली. त्यानं गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली.

"हे काय आणलंय?" संयोगितानं दारातूनच विचारलं.

"आबांची गाडी."

"ते दिसतंय. ठेवणार कुठं?"

"अंगणात."

"आणि मी तुळस कुठं ठेवू? डिकीत?"

तुळस जिन्याखाली गेली आणि गाडी अंगणात बसली. कृष्णात जन्मभर एका कारखान्यात इन्स्पेक्टर होता. दुसऱ्यांनी केलेली कामं मापायची आणि नापास करायची, हा त्याचा धंदा. आता स्वतःच्या हातानं करायची वेळ आली, तेव्हा त्यानं गाडीचा सांधा न् सांधा सोडवला. दारं पलंगाखाली गेली. दिवे शोकेसमध्ये पोरीच्या बक्षिसांच्या शेजारी बसले. गिअरबॉक्स न्हाणीच्या तोंडाशी ठेवला, त्यामुळं घरी आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला त्याला वळसा घालून जावं लागे. खंडेनवमीला संयोगितानं घरातल्या विळी-कोयत्याबरोबर कार्बोरेटरलाही हळदकुंकू लावलं. राग गाडीवर असेल, पण अवजाराला उपाशी ठेवायची तिच्या घरची रीत नव्हती.

मागची सीट कुठंच मावेना, म्हणून ती शेजारच्या चिमणाबाईंच्या बाहेरच्या सोप्यात ठेवायला दिली. आणि सगळे नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, कुठले कुठले त्याच्या चिठ्ठ्या टाकून, फळीवर मांडले. घोडचूक तिथं झाली. डबे फराळाचे होते, आणि पुढं दिवाळी होती.

"अगं, काय केलंस हे!" सगळे नटबोल्ट एका बादलीत बघून कृष्णात ओरडला.

"चकलीचा डबा हाय त्यो माझा. चकल्या काय खिशात ठेवू?"

"पण सगळे मिसळलेस की!"

"एका पंगतीला बसवलं. काय बिघडलं?"

बिघडलं एवढंच, की थंडीचे सुरुवातीचे आठवडे माणूस व्हर्निअर घेऊन बादलीशेजारी बसून राहिला. पण त्याला त्याची मजा येत असावी. एकेक बोल्ट मापताना तो गुणगुणायचा, आणि घरात गुणगुणणारा निवृत्त माणूस कुणाच्या वाट्याला सहसा येत नाही.

सीट परत मिळवणं त्याहून अवघड गेलं. चिमणाबाईंनी सोप्यात तिच्यावर कांबळं अंथरलं होतं आणि दिवसभर तिथं बसून त्या गल्लीचा कारभार बघत होत्या.

"न्यायला आलायसा व्हय? मग मी कुठं बसू?"

"चिमणाबाई, सीट आमची हाय."

"हाय की. मी कुठं माझी म्हणालो? मी फकस्त बसलोय."

"दुसरी खुर्ची आणून देतो."

"खुर्ची नगं. सीट जाईल तिथं मी. पयल्या फेरीला मला बी न्यायचं, मगच उचला."

कृष्णातानं कबूल केलं. नाहीतर चिमणाबाईंना सीटसकट उचलावं लागलं असतं, आणि ते चार माणसांचं काम होतं.

इंजिन बसलं, दारं लागली, तेवढ्यात उदयसिंह आला. गाडीभोवती फिरला, वाकला, दांडीवर बोट ओढलं.

"दाजी, ही गाडी हाय का चाकं लावलेलं घंगाळ?"

"वरातीची गाडी हाय, पावणं. तुम्हाला ठाऊक हाय."

"मेळाव्यात वरातीला जागा न्हाय. मूळ कारखान्यातनं निघाली तशी गाडी लागते. छप्पर न्हाय, म्हणजे स्पर्धा न्हाय. मग तुम्ही दोरीच्या पलीकडं शेंगा खात उभं राहायचं."

तोंड वाईट असलं तरी माणूस कामाचा. पुढच्या आठवड्यात त्यानं सांगलीकडच्या भंगारातून एका फियाटचं छप्पर मिळवलं आणि स्वतःच्या खर्चानं टेम्पोत घालून आणून टाकलं. संयोगिता बाहेर आली, छप्पर बघितलं, भावाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"बसवा हे," ती म्हणाली. "हे बसवलं की मी बसेन गाडीत. उघड्यात बसायची न्हाय."

बघा, कसं जुळून आलं. छप्पर बसलं की मेळाव्यात जागा, छप्पर बसलं की मेव्हण्याचं तोंड बंद, आणि छप्पर बसलं की बायको गाडीत. तिन्ही लाभ एकाच पत्र्याखाली. जाणार काय, तर आबांनी केलेलं एक कापकाम. सौदा इतका सरळ होता, की कृष्णातालाच त्याचा संशय येऊ लागला. तरी त्यानं वेल्डरला रविवारी यायला सांगितलं.

त्याआधी मागचा धुरा जोडायचा राहिला होता. तो उघडला तेव्हा आतली दातेरी चाकं त्याला वेगळी दिसली. दात जास्त, घडण निराळी. कारखान्याची नव्हेत, उद्यमनगरात कुणीतरी करून घेतलेली. पुढं बघितलं तर रेडिएटरच्या खाली आणखी एक छोटा रेडिएटर. कृष्णात कट्ट्यावर बसला. मापं घेतली, बोटांवर गुणाकार केले, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

वरातीत गाडी चालत नसते, सरकत असते. पुढं हलगी, हलगीपुढं नाचणारी पोरं, आणि नाचणाऱ्यांपुढं काळ थांबलेला. अशा चालीनं कुठलीही गाडी दोन चौक गेली की तापते, क्लच जळतो, आणि नवरीला उतरून चालावं लागतं. आबांनी गाडीची चालच बदलली होती. इंजिन आपलं जोरात फिरावं, पंखा गार वारा देत राहावा, आणि चाकं मात्र हलगीच्या ठेक्यानं पावलं टाकावीत. लहानपणी ही गाडी पळत का नाही म्हणून पोरं कृष्णाताला चिडवायची, आणि आबा म्हणायचे, "पळायला काय, कुत्रं बी पळतं. चालून दाखवा." त्याला ती वडिलांची बढाई वाटायची.

उदयसिंह फोनवर म्हणाला, "ती चाकं पण मूळ न्हाईत, दाजी. बदला." कृष्णात "बघतो" म्हणाला आणि आबांचीच चाकं तेल लावून परत बसवली. धुऱ्याच्या आत कोण बघायला जातंय? पण छपराचं तसं नव्हतं. ते सगळ्यांना दिसतं.

शनिवारी दुपारी स्कूटरवरून एक बाई आल्या. हेल्मेटखालून दिसणारे केस पांढरे, पाठ ताठ, बोलण्यात वॉर्डात वावरलेल्या माणसाची सवय. फाटकातूनच त्यांनी गाडी बघितली आणि हेल्मेट काढायचं विसरल्या.

"मी प्रियदर्शनी. गणपती मोल्डरांची थोरली. सिव्हिलला सिस्टर होते, आता रिटायर झाले. उद्या तुमच्याकडं येणारा वेल्डर उचगावातला, आमच्या गल्लीतला. म्हणाला, मेस्त्रींच्या फियाटवर छप्पर चढवायचंय. म्हटलं, त्याआधी एकदा बघून यावी."

त्यांनी दांडीच्या टोकांशी हात नेला, जिथं ती पितळी आधारात बसवली होती. "हे आधार आमच्या बाबांनी ओतलेले. पहिले दोन बिघडले, तर मेस्त्रीकाका म्हणाले, गणपा, नवरी धरणार हाय ह्याला, देवाच्या मूर्तीसारखं ओत."

उचगाव हा शब्द ऐकून संयोगिता पदराला हात पुसत बाहेर आली होती. "त्या तुम्हीच व्हय?" तिनं विचारलं.

"मीच, वहिनी. तुमची वरात नेली ती." प्रियदर्शनी हसून म्हणाल्या, आणि समोरचा चेहरा बघून हसू आवरलं. "तुम्हाला ठाऊक असंल की सगळं?"

"काय ठाऊक असायचं? शब्द दिलता, एवढं ठाऊक हाय."

"शब्द कसला? आम्ही मागितलीच नव्हती गाडी. तुमच्याच घरी लग्न, कोण मागंल? आम्ही दुसरी ठरवली होती. तो गाडीवाला वेशीपर्यंत आला. कुठल्या वस्तीतलं लग्न हाय, ते विचारलं. ऐकलं, आणि म्हणाला, क्लच गेलाय. आणि गेलेल्या त्याच क्लचवर गाडी वळवून निघून गेला."

कृष्णातानं हातातला पान्हा खाली ठेवला.

"सगळे म्हणाले, चालत जाऊ. माझा चुलतभाऊ मात्र सायकल काढून तुमच्या मांडवात आला, एखादा टेम्पो मिळतो का बघायला. मेस्त्रीकाका त्याच पावली निघाले. आमच्या दारात आले, म्हणाले, 'मी स्वतः चालवणार. गाडी माझी, हात माझा, कोण वाट अडवतंय बघू.' मग माझं सासर, उचगाव लागलं. आमच्या माणसांची वरात तिथं मधल्या रस्त्यानं कधी गेलेली नव्हती. काकांनी गाडी मधल्याच रस्त्यानं घातली, आणि अशी हळू, अशी हळू, की दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला मला नीट बघावं लागलं. मी दांडी घट्ट धरली होती. घामानं निसटत होती. काका मागं न बघता म्हणाले, 'ताठ हुबी ऱ्हा, पोरी. गडबड न्हाय आपल्याला.'"

मग संयोगिता म्हणाली, "त्यांच्या सदऱ्यावर निळं होतं. मला वाटलं, धुण्यातली नीळ."

"गुलाल होता. आमचा."

आता बाई विरघळेल, डोळे पुसेल, असं कृष्णाताला वाटलं. छत्तीस वर्षं एका घरात काढूनही पुरुषांचे अंदाज असे चुकतात. संयोगिता भडकली.

"मग मला इचारायला काय झालतं?"

"आबांना वाटलं असंल..."

"त्यांना वाटलं ते त्यांनी केलं. गाडी त्यांची होती, पण वरात माझी होती की नव्हती? मी तिथंच होते, मांडवात, चार हातांवर. 'पोरी, तुझी गाडी दे,' म्हणाले असते, तर मी न्हाई म्हणाले असते? दिली असती. हसत दिली असती. आणि जन्मभर सांगितलं असतं, मी दिली म्हणून. माझी वस्तू मला न विचारता देऊन टाकली, आणि मला ठेवलं रुसत बसायला."

याचं उत्तर ज्यांच्याकडं असायला हवं होतं, ते फोटोत होते.

"खरं हाय, वहिनी," प्रियदर्शनी सावकाश म्हणाल्या. "घेताना मी पण विचारलं न्हाई, नवरीला विचारून आणलीय का म्हणून."

संयोगिता आत गेली. भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा झाला. मग ती चहा घेऊन आली, पहिला कप पाहुणीला दिला, दुसरा नवऱ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "उद्या त्यो वेल्डर येणार न्हवं?"

"येणार की. सकाळीच."

"त्याला सांगा, येऊ नको."

"अगं, पण छप्पर बसवल्याशिवाय तू..."

"छप्पर असलेल्या गाडीतनं वरात काढत्यात व्हय?"

कृष्णातानं चहाचा घोट घेतला. भाजला, पण कळलं नाही. हिशेब त्याच्या ध्यानात आला होता. तिनातले दोन लाभ गेले, एक राहिला.

गेलेल्या लाभांनी लगेच तोंड दाखवलं. उदयसिंह फोनवर किती वेळ बोलला ते संयोगितानं मोजलं नाही. तिनं फोन कट्ट्यावर ठेवून मेथी निवडली. शेवटी, ओळखीखातर, गाडीला मिरवणुकीत सगळ्यात मागं, पाण्याच्या टँकरच्या पुढं जागा मिळाली. स्पर्धेत नाही, नुसती शोभेला.

मेळाव्याच्या सकाळी फियाट घरातून निघाली तेव्हा सायकलवाले तिला मागं टाकत होते. मागच्या सीटवर मधोमध चिमणाबाई, कारण सीट जाईल तिथं त्या. एका बाजूला संयोगिता, कपाटातला लग्नाचा शालू नेसून. कापराच्या वासानं मोगऱ्यावर मात केली होती. दुसऱ्या बाजूला प्रियदर्शनी. त्यांना संयोगितानंच बोलवलं होतं. "त्या दिवशी माझ्या जागेवर बसलीस ना, आता शेजारी बस," एवढंच निमंत्रण. नवरामुलगा स्टिअरिंगवर.

दसरा चौकात गाड्या ओळीनं लागल्या. काळ्या, तांबड्या, पांढऱ्या, सगळ्या आरशासारख्या. सर्वांत पुढं उदयसिंहाची हिरवी विलायती, जिचा स्क्रूसुद्धा म्हणे बोटीनं आलेला. बाहेरच्या आयोजकांनी ठरवलं होतं, की झेंडा दाखवला की गाड्या झोकात निघतील आणि घटकाभरात रंकाळ्याला पोचतील. पण व्यवस्था इथल्या मंडळींकडं होती, आणि इथल्या मंडळींनी न विचारता हलगी-घुमकं बोलावून ठेवलं होतं.

"हे कशाला?" पुण्याचा एक टोपीवाला म्हणाला.

"कशाला म्हंजे? मिरवणूक हाय न्हवं? हलगी न्हाय तर लोक म्हणतील, गाड्या इकायला चालल्यात."

हलगी कडाडली. तालमीची पोरं पुढं झाली आणि नाचायला लागली. आता हलगीच्या पुढं गाडी काढणं कोल्हापुरात कुणाच्या बापाला जमलेलं नाही. बिंदू चौकात येईतो पांढरी गाडी धुमसायला लागली. पुढं तांबडीनं शीळ घातली. मिरजकर तिकटीला हलगीवाल्यांना भलताच रंग चढला, ते जागेवरच गोल करून उभे राहिले, आणि उदयसिंहाच्या हिरव्या गाडीच्या नाकातून वाफेचा लोट निघाला. पाण्याचा टँकर मागून पुढं मागवला गेला. टँकर पुढं जायला वाट हवी म्हणून त्याच्या पुढची फियाटही पुढं सरकली. एकेक आरसा मागं टाकत, तापल्या बॉनेटांच्या मधून, खुरखुर न करता, हलगीच्या ठेक्यावर पावलं टाकत.

बघणाऱ्यांत कुजबुज झाली. एक म्हातारी गर्दीतून पुढं आली, दाराला हात लावून म्हणाली, "आगं बया, ही मेस्त्रीची न्हवं? माझी वरात ह्याच गाडीतनं आलती." दुसरा कुणी ओरडला, "आमच्या थोरल्याची बी!" एका पिकल्या मिशीच्या माणसानं छाती ठोकून सांगितलं, की तो गदा घेऊन या दांडीला उभा राहिला होता. हलगीवाल्यांनी वळून बघितलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं गाडी ओळखली आणि ठेका बदलला. तो वरातीचा होता.

"उठ की," चिमणाबाई संयोगिताला म्हणाल्या. "बसून कसली वरात?"

संयोगिता उठली. गुडघ्यानं नको म्हटलं, तरी उठली, आणि तिनं दांडी धरली. कृष्णातानं आरशात बघितलं. त्याला चेहरा दिसला नाही. दांडीवर घट्ट बसलेला हात दिसला, बांगड्यांसकट. त्यानं गाडी आणखी हळू केली. आबांच्या चाकांना तेही जमत होतं.

"कुणाची वरात ही?" बाजूच्या दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी हसत विचारलं.

प्रियदर्शनी सीटवरून उठून, आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या वहिनीची! जरा उशीर झालाय!"

वाफ पुसत उभ्या असलेल्या उदयसिंहाजवळून गाडी गेली तेव्हा त्यानं वर बघितलं. शालूतली बहीण बघितली. त्याचं तोंड उघडलं, आणि आतून काही निघालं नाही. म्हणजे गेलेला एक लाभ वाटेत परत मिळाला म्हणायचा.

आता कुणी काय भरलं, ते मांडून मोकळं होऊ. छप्पर उदयसिंहाच्या खर्चाचं. ते आज चिमणाबाईंच्या कोंबड्यांवर सावली धरून आहे. पहिलं बक्षीस हिरव्या गाडीला मिळालं आणि ते घ्यायला तालमीच्या पोरांनी तिला ढकलत नेलं, ते श्रम पोरांचे. पेट्रोल कृष्णाताचं. बादलीच्या तळाशी मूठभर नटबोल्ट उरले, ते कुठले हे कुणालाच कळलेलं नाही, गाडी त्यांच्यावाचून चालते. आणि छत्तीस वर्षांपूर्वीची ती वरात? मोठेपण आकाराम मेस्त्रीच्या नावावर जमा झालं, उचगावात आजही होतं. भरल्याची पोच मात्र मिरजकर तिकटीला मिळाली, प्रियदर्शनीच्या हातची. भरलं होतं ते संयोगितानं.